७९४ क्रमांकाचे इंजिन माथेरानला का आले? दोन डोंगरी रेल्वेंचा थ्रेड

मार्च २००१ मध्ये दार्जिलिंग हिमालयन रेल्वेचे ७९४ क्रमांकाचे वाफेचे इंजिन पूर्व हिमालय सोडून सह्याद्रीत, नेरळ–माथेरान मार्गासाठी धाडण्यात आले. पर्यटकांसाठी वाफेवरची ‘जॉय ट्रेन’ सुरू करायची होती. इंजिन आले, पण प्रत्यक्ष सेवेत यायला मे २००२ उजाडला.

वरवर पाहता ही एका इंजिनाच्या बदलीची किरकोळ नोंद आहे. तिच्यात एक विचित्र गोष्ट मात्र दडलेली आहे. माथेरानच्या रेल्वेजवळ स्वतःची, खास याच घाटासाठी घडवलेली वाफेची इंजिने होती आणि ती दार्जिलिंगच्या मूळ आराखड्यापेक्षा दीड-दोन दशकांनी नवी होती. मग नव्याच्या मदतीला जुने का आणावे लागले? दोन्ही डोंगर चढून पाहिल्याशिवाय याचे उत्तर सापडत नाही.

आधी माथेरान. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला आणि मुंबईकरांना जवळचे थंड हवेचे ठिकाण मिळाले. नेरळपर्यंत आगगाडी, पुढे मात्र घोडा, पालखी किंवा पायपीट. ही अडचण सोडवली ती सरकारने नव्हे, तर मुंबईतील एका व्यापारी घराण्याने. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी वडिलांच्या पैशावर ही रेल्वे उभी केली. खर्च सुमारे सोळा लाख रुपये, रुळांतील अंतर दोन फूट, लांबी एकवीस किलोमीटरच्या आसपास. १९०७ मध्ये गाडी सुरू झाली.

या कामात सल्ला होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याचा. महाराष्ट्राला हे नाव परके नसावे. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे त्याचीच. (याच गृहस्थाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवले, ती कथा वेगळ्या थ्रेडच्या योग्यतेची आहे.) अरुंद रुळांवरही भक्कम, शिस्तबद्ध रेल्वे चालू शकते हे त्याने बार्शीला दाखवून दिले होते. माथेरानचा प्रश्न मात्र निराळा होता. चढ वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. वळणे तर इतकी आवळ की लांब इंजिन तेथे अडकूनच पडावे.

इंजिनाला ओढण्याची ताकद हवी तर चाके जास्त हवीत, आणि चाके जास्त झाली की इंजिन लांब होते व वळणावर ताठ राहते. डोंगरी रेल्वेच्या प्रत्येक अभियंत्यापुढे हा पेच उभा राहिला आहे. माथेरानसाठी त्याचे उत्तर जर्मनीतून आले. बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्याने सहा चाकी चार इंजिने दिली. त्यांच्या पुढच्या व मागच्या आसांवर ‘क्लिन-लिंडनर’ नावाची रचना होती. सॅक्सनीच्या सरकारी रेल्वेतील दोन अभियंत्यांची ही कल्पना. नेहमीचा आस एका पोकळ नळीतून जातो, चाके त्या नळीवर बसवलेली असतात आणि मध्ये गोळ्यासारखा सांधा असतो. आतला आस चाकांना फिरवतो, बाहेरची नळी वळण येताच किंचित तिरकी होते. सहाही चाके ताकद देतात आणि तरीही इंजिन वळते. बुद्धीची करामत म्हणून ही रचना अप्रतिमच म्हणावी लागेल. फक्त अशा झाकलेल्या सांध्यांची निगा राखणे हे जिकिरीचे काम असते.

आता दार्जिलिंग. तिथली कथा सव्वीस वर्षे आधीची आणि सुरुवातीपासूनच अधिक रोकडी आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याहून निघालेला लोहमार्ग सिलिगुडीला पोहोचला. पुढचा सारा प्रवास हिल कार्ट रोडवरून, टांगा आणि बैलगाड्यांनी. ईस्टर्न बेंगाल रेल्वेचे एजंट फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी सरकारपुढे जो प्रस्ताव ठेवला त्यात हिमशिखरांच्या सौंदर्याचे वर्णन नव्हते, तांदळाचे भाव होते. सिलिगुडीला ९८ रुपये टनाने मिळणारा तांदूळ दार्जिलिंगला २३८ रुपयांना पडत होता. फरक केवळ वाहतुकीचा. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर अॅशली ईडन यांना हा हिशेब पटला. १८७९ मध्ये काम सुरू झाले, ऑगस्ट १८८० मध्ये गाडी कर्सियांगला आणि जुलै १८८१ मध्ये दार्जिलिंगला पोहोचली.

कंपनीचे पहिले नाव होते ‘दार्जिलिंग स्टीम ट्रॅमवे’. या नावात सारी युक्ती आहे. प्रेस्टेज यांनी डोंगरात नवा मार्ग कोरण्याऐवजी आधीच असलेल्या रस्त्याच्या कडेला रूळ अंथरले. म्हणून या मार्गावर एकही बोगदा नाही. रूळ रस्ता ओलांडतात, दुकानांच्या उंबऱ्याला लागून जातात, पुन्हा रस्ता ओलांडतात. आज पर्यटक ज्याला गंमत मानतात ती मुळात काटकसर होती.

जिथे रस्त्याचा चढ इंजिनाला झेपेना तिथे दोन उपाय योजले गेले. एक म्हणजे फेरा: रूळ स्वतःभोवती वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जातात. दुसरा ‘झेड’: गाडी एका टोकाला थांबते, उलटी मागे चढत जाते आणि मग पुन्हा पुढे निघते. फार आधी, १८६३ मध्ये, बोरघाटात खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवण्याचे असेच एक स्थानक बांधले गेले होते. ते १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे सुटले. दार्जिलिंगचे झेड आजही वापरात आहेत. एका ठेकेदाराच्या पत्नीने नृत्यातील पावले पाहून ही कल्पना सुचवली अशी आख्यायिका तिकडे सांगितली जाते. आख्यायिका म्हणून ती ऐकावी आणि पुढे जावे.

पहिली इंजिने लवकरच अपुरी पडली. १८८९ मध्ये ग्लासगोच्या शार्प, स्टुअर्ट कंपनीने नवा नमुना पाठवला. हाच ‘बी’ वर्ग. मॅंचेस्टरची ही जुनी कंपनी आदल्याच वर्षी ग्लासगोला स्थलांतरित झाली होती. त्यानंतर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत या एकाच आराखड्याची ३४ इंजिने बनली: बहुतेक ग्लासगोत, तीन अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यात आणि काही चक्क दार्जिलिंग रेल्वेच्या स्वतःच्या कार्यशाळेत. साडेतीन दशके कोणाला या आराखड्यात मूलभूत बदल करावासा वाटला नाही. बेयर, पीकॉक कंपनीचे सांध्याचे ‘गॅरट’ इंजिन १९११ मध्ये आणून पाहिले गेले. ते एकटेच राहिले.

बी वर्गाची रचना माथेरानच्या इंजिनाशी ताडून पाहण्याजोगी आहे. इथे कोणताही चतुर सांधा नाही. पेच सोडवण्याऐवजी टाळला आहे: चाके चारच, तीही जवळजवळ. त्यामुळे अगदी ‘अॅगनी पॉइंट’सारख्या जेमतेम अठरा मीटर त्रिज्येच्या वळणावरही इंजिन सहज फिरते. चारही चाके ताकदीची, आणि पाणी व कोळसा यांचा सारा भार त्यांच्यावरच. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली. रुळावर पकड राहते ती याच वजनामुळे. उणीवही उघड आहे. चाके मध्यभागी आणि इंजिनाची दोन्ही टोके बाहेर लोंबती, त्यामुळे ते डुलत चालते. टाकी छोटी, म्हणून दर थोड्या अंतराने पाण्यासाठी थांबा.

आणि पकड? ती केवळ वजनाने पुरत नाही. दार्जिलिंगच्या धुक्यात, पावसात रूळ निसरडे होतात. म्हणून इंजिनाच्या अगदी पुढच्या आडव्या पट्टीवर दोन माणसे बसतात आणि चाकांपुढे मुठीमुठीने वाळू सोडतात. आणखी एक माणूस कोळशाच्या राशीत राहून मोठे ढेकळ फोडून देतो, कारण भट्टीचे तोंड लहान आहे. चालक, फायरमन, कोळसा फोडणारा, वाळूवाले दोघे: इतक्या छोट्या इंजिनावर पाच माणसे. जाहिरातीच्या छायाचित्रांत धूर दिसतो, पाठीमागे कांचनजंगा दिसते. पुढच्या पट्टीवर पाय सोडून बसलेल्यांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वाफेचे यंत्र म्हणजे माणसांच्या श्रमाला पर्याय, असे शालेय पुस्तकांतून वाचलेल्यांनी हे दृश्य एकदा नीट पाहावे.

यापुढचा काळ या रेल्वेला फारसा चांगला गेला नाही. मालकी कंपनीकडून १९४८ मध्ये सरकारकडे आली. फाळणीमुळे कलकत्त्याहून सिलिगुडीला जाणारा सरळ मार्ग पूर्व पाकिस्तानात गेला. तिस्ता खोऱ्यातली शाखा १९५० च्या पुराने वाहून नेली. मुख्य म्हणजे ज्या रस्त्याच्या कडेने ही गाडी चढत होती त्याच रस्त्याने आता मोटारी, बस आणि मालमोटारी चढू लागल्या. त्या वेगवान होत्या आणि त्यांना वाळूवाले लागत नव्हते. तांदळाच्या भावावर उभी राहिलेली रेल्वे भावाच्याच गणितात हरली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी मालवाहतूकही थांबली.

माथेरानला याच्या उलट घडले. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे गाडीला प्रवाशांची ददात नव्हती. परिणामी सुधारणाही लवकर आली. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास जर्मनीच्या युंग कारखान्याची डिझेल इंजिने आली आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी वाफेची सेवा संपली. चार इंजिनांपैकी एक थेट इंग्लंडमधील लेटन बझर्डच्या नॅरोगेज रेल्वेकडे पोहोचले. नेरळला एक चौथऱ्यावर दिमाखात उभे आहे.

यातला विरोधाभास स्पष्ट आहे. जी रेल्वे गजबजलेली होती तिची वाफेची इंजिने गेली; जी कोणाला फारशी नको होती तिची टिकली. दार्जिलिंगच्या इंजिनांना वाचवले ते आरंभी प्रेमाने नव्हे, दुर्लक्षाने. वारशाच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार भेटते, पण स्मरणिकांत ती लिहिली जात नाही.

दुर्लक्षाने इंजिन मोडीत जाण्यापासून वाचते, चालू मात्र राहत नाही. बी इंजिने चालू राहिली ती तिनधारियामुळे. सिलिगुडीहून चढताना डोंगराच्या मध्यावर हे गाव आहे आणि तिथे या रेल्वेची कार्यशाळा. शार्प, स्टुअर्ट १९०३ मध्ये नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीत विलीन झाली आणि ती बलाढ्य कंपनीही १९६२ मध्ये दिवाळ्यात गेली. त्या दिवसापासून सुटे भाग मागवायला जगात कोणी उरले नाही. कर्ताच नाहीसा झाला तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यालाच कर्ता व्हावे लागले. तिनधारियात आधीपासून अख्खी इंजिने जोडलेली होतीच. आता भाग झिजला की नवा घडवायचा किंवा दुसऱ्या इंजिनाचा काढून बसवायचा, हाच क्रम झाला.

सव्वाशे वर्षे हे चालल्यावर एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. चाकांच्या धावा बदलल्या, बॉयलर बदलले, टाकीचे पत्रे बदलले. मग १८८९ चे इंजिन म्हणजे नेमके काय उरले? केवळ क्रमांकाची पाटी? युरोपीय परंपरेत वस्तूचे अस्सलपण तिच्या मूळ द्रव्यात शोधण्याची सवय जुनी आहे. भारतीय मनाला दुसरी वाटही परिचित आहे. पुरीच्या जगन्नाथाची लाकडी मूर्ती ठरावीक काळाने नवी घडवतात, शेवटचे नवकलेवर २०१५ मध्ये झाले, आणि देव मात्र तोच मानला जातो. कारण घडवण्याचा विधी व ते घडवणारी घराणी अखंड असतात. तिनधारियाच्या इंजिनांना हाच न्याय लावला तर चित्र पालटते. चौथऱ्यावरचे माथेरान इंजिन द्रव्याने अधिक अस्सल ठरेल, कारण उभे राहिलेले यंत्र झिजत नाही. पण त्याला चालवणारी, ऐकून त्याचा आजार ओळखणारी माणसे निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी वाफेवर हात बसलेले कोणी आले नाही. वीस वर्षांत एक पिढी सरते. २००१ मध्ये वाफ हवीशी झाली तेव्हा उसनी आणावी लागली ती अशा ठिकाणाहून, जिथे भट्टी विझू दिली गेली नव्हती. माथेरानच्या रोजच्या गाड्या मात्र नंतरही डिझेलच ओढत राहिले.

या वाफेला मागणी का आली, हेही त्याच काळातून कळते. देशातील ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये धावली. जे रोज दिसत होते ते दुर्मीळ झाले. डिसेंबर १९९९ मध्ये युनेस्कोने दार्जिलिंग हिमालयन रेल्वेला जागतिक वारसा ठरवले. ऑस्ट्रियाच्या सेमरिंगनंतर हा मान मिळालेली ही दुसरीच रेल्वे. पुढे २००५ मध्ये निलगिरी आणि २००८ मध्ये कालका–सिमला तिच्या जोडीला आल्या. माथेरान अद्याप संभाव्य यादीतच आहे.

आणि इतिहासाची थट्टा पाहा: वारशाचा मान मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, २००० मध्ये, दार्जिलिंगला डिझेल इंजिने आली. हळूहळू लांबचा प्रवास डिझेलकडे गेला आणि वाफेकडे उरली मुख्यतः दार्जिलिंग–घूमची छोटी सफर: बतासियाच्या फेऱ्यावर थांबायचे, छायाचित्रे काढायची, २,२५८ मीटर उंचीवरच्या घूमला जाऊन परतायचे. तांदूळ आणि चहा वाहणारे इंजिन आता स्वतःचेच दर्शन वाहून नेते. यात दुःख मानावे का? पुष्कळ रेल्वेप्रेमी मानतात. पण या सफरीच्या तिकिटांशिवाय तिनधारियाची भट्टी कधीच थंड झाली असती, हेही तितकेच खरे.

पर्यटकांसाठी वाफ टिकवायची तर ती सोयीची करावी, हा विचार साहजिकच पुढे आला. ७८७ क्रमांकाचे इंजिन निलगिरीच्या धर्तीवर तेलावर चालण्यासाठी बदलले गेले. तेलाचा बर्नर आणि विजेचा पंप चालवण्यासाठी त्यावर डिझेलचा जनित्रसंच बसवला, ब्रेकसाठी डिझेलवर चालणारा कॉम्प्रेसर लावला. वाफेचे इंजिन चालवण्यासाठी त्याच्याच अंगावर डिझेलची यंत्रे! रूप ओळखू येईना, चाचण्या निराशाजनक ठरल्या आणि ते नियमित सेवेत आलेच नाही. अलीकडे याहून सोपा मार्ग निघाला आहे. २०२३ मध्ये गुजरातेत सुरू झालेल्या एकतानगर–अहमदाबाद वारसा गाडीचे इंजिन दिसते वाफेचे, चालते विजेवर. मुलांना आनंद होतो, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र मुखवट्याला ‘वारसा’ म्हटले की तिनधारियातील लोहार आणि रंगारी एकाच मापाने मोजले जातात.

पाऊस मात्र वारसा जाणत नाही. २०१० च्या पावसाळ्यात पगलाझोरा येथे डोंगराचा कडा कोसळला आणि रस्त्यासह रूळ दरीत गेले. हे ठिकाण तिनधारियाच्या वर, कर्सियांगच्या खाली. म्हणजे इंजिने धावत होती ती वरच्या टप्प्यात, त्यांची कार्यशाळा खाली, आणि मधला मार्गच नाहीसा. पुढच्याच वर्षी खुद्द तिनधारियाजवळ दरड कोसळली. २०१७ मध्ये राजकीय आंदोलनाच्या काळात गाड्या महिनोन्महिने बंद राहिल्या, सोनादा आणि गयाबाडी ही स्थानके जाळली गेली.

७८७ क्रमांकाचे इंजिन २०११ च्या सुरुवातीला तिनधारियात उभे होते. तेलाची सामग्री उतरवून त्याला पुन्हा कोळशावर आणायचे होते. न्यू जलपायगुडी ते दार्जिलिंग असा सलग ८८ किलोमीटरचा मार्ग पुन्हा जुळायला डिसेंबर २०१५ उजाडला.